शेजारचा संगणक दिसेना, तेव्हा

सेवा केंद्र असो, शाळेचा संगणक कक्ष असो की कृषी सेवा केंद्राचं दुकान, एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते: "नेट चालू आहे, पण तो पलीकडचा पीसी दिसंना."

सिद्धेश्वरचंच उदाहरण घेऊ. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव पूर्णा नदीवरच्या धरणामुळे मराठवाड्याला माहीत आहे. इथल्या एखाद्या केंद्रात तीन संगणक आणि एकच प्रिंटर आहे, असं समजा. प्रिंटर यूएसबीच्या तारेने पहिल्या संगणकाला जोडलेला आहे आणि बाकीचे दोघे त्याच्यामार्फत प्रिंट काढतात. पीकविम्याची मुदत संपत आली आहे, बाकावर शेतकरी कागद घेऊन बसले आहेत आणि नेमका त्याच दिवशी दुसऱ्या संगणकाला पहिला सापडत नाही. दुरुस्तीवाला येणार औंढ्याहून, हिंगोलीहून नाहीतर वसमतहून. तो येईपर्यंत पेनड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. तो आला की बऱ्याचदा एकच उपाय सांगतो: "फॉरमॅट मारून टाकू."

या बिघाडाला फॉरमॅटची गरज क्वचितच लागते. संगणक यादीत दिसत नाही याचा अर्थ तो जाळ्यात नाही, असा होत नाही. बरेचदा तो जाळ्यात असतो आणि त्याच्यापर्यंत पोचताही येतं, फक्त त्याला गप्प राहायला सांगितलेलं असतं. म्हणून चार प्रश्न क्रमाने विचारायचे. जोड आहे का? पत्ता बरोबर आहे का? पोचता येतं का? परवानगी आहे का? एका प्रश्नाचं उत्तर "हो" आल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही. हा क्रम ज्याला पाठ आहे, त्याला बिघाड कुठे आहे हे स्वतःच शोधता येतं.

घरातलं जाळं आणि बाहेरचं जाळं

इंटरनेट आणि स्थानिक जाळं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी पक्कं करू. केंद्रातले तीन संगणक आणि त्यांना जोडणारा राऊटर मिळून स्थानिक जाळं, म्हणजे लॅन, होतं. बाहेरून येणारी फायबरची तार तुटली तरी हे जाळं चालू राहतं, तिन्ही संगणक एकमेकांच्या फायली उघडू शकतात आणि प्रिंटही निघते. उलटही होतं. इंटरनेट जोरात चालू असतं आणि शेजारचा संगणक मात्र सापडत नाही. म्हणून "नेट चालू आहे" एवढ्यावरून लॅनबद्दल काहीच कळत नाही.

स्थानिक जाळ्याचं आज सर्वत्र असलेलं रूप म्हणजे इथरनेट. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात ही कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ती प्रत्यक्षात आणली. एकाच इमारतीतल्या संगणकांनी एकमेकांशी बोलावं आणि प्रिंटर वाटून घ्यावा, ही त्यामागची गरज होती. सेवा केंद्राची गरज आजही तीच आहे. भारतात १९८६ मध्ये अर्नेट हे शैक्षणिक जाळं सुरू झालं. मुंबईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी त्यात पहिल्यापासून होत्या. संस्थेच्या आतलं जाळं आणि संस्थांना जोडणारं जाळं अशा दोन्ही पातळ्यांवर तिथे काम झालं. गावातही तशाच दोन पातळ्या आहेत. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेचं काम ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणण्याचं आहे. खोलीतल्या तीन संगणकांची एकमेकांशी गाठ घालून देणं हे त्या फायबरचं काम नाही. ते आपण करायचं.

पहिला प्रश्न: जोड आहे का?

लॅनची तार संगणकाच्या मागे जिथे खोचतो, तिथे बारीक दिवे असतात. तार लावल्यावर दिवा लागला पाहिजे आणि काम चालू असताना लुकलुकला पाहिजे. तो लागत नसेल तर तार राऊटरच्या दुसऱ्या खाचेत लावून बघा, मग दुसरी तार लावून बघा. पाच मिनिटांच्या या तपासणीत बराच गुंता सुटतो.

तारेच्या टोकाचं पारदर्शक प्लास्टिकचं खटका असलेलं कनेक्टर डोळ्यांजवळ धरून पाहा. आत आठ बारीक तारा दिसतील. खटका खाली आणि सोनेरी पट्ट्या वर ठेवून डावीकडून वाचलं की नेहमीचा क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीला यातल्या पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी अशा चारच तारा लागतात, १,००० मेगाबिटला आठही लागतात. त्यामुळे तपकिरी तार निसटली तरी जाळं चालू राहू शकतं, पण संथ होतं. फाइल आधी झटकन जायची आणि आता रेंगाळते, असं वाटलं तर आधी हे टोक तपासा. तार टेस्टरमध्ये लावली की आठ दिवे क्रमाने लागतात. जो लागला नाही, त्या क्रमांकाची तार सुटलेली.

ही तार १०० मीटरपेक्षा लांब नको. आपल्याकडे तिला उंदरांचा आणि विजेचा धोका आहे. एका इमारतीतून दुसरीत छपरावरून नेलेली तांब्याची तार वळवाच्या विजांमध्ये दोन्ही टोकांची उपकरणं निकामी करू शकते. शाळेच्या कक्षातून कार्यालयापर्यंत जोडणी न्यायची असेल तर मधल्या भागात फायबर टाकावी, कारण तिच्या काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही.

वायफायवर दोन गोष्टी पाहायच्या. एक, सगळे संगणक खरोखर एकाच वायफायवर आहेत का? नेट संथ झालं म्हणून कुणीतरी संगणक स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडतो आणि मग विसरून जातो. तो संगणक इंटरनेटवर असतो, पण आपल्या जाळ्यातून गेलेला असतो. दोन, राऊटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय सुरू आहे का? पाहुण्यांना इंटरनेट मिळावं, पण आपले संगणक दिसू नयेत, यासाठीच ते असतं. आपलाच संगणक त्यावर गेला की त्यालाही शेजारी दिसत नाहीत. काही राऊटरांमध्ये वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी 'एपी आयसोलेशन' नावाची सोय असते. ती बंद ठेवा.

दुसरा प्रश्न: पत्ता बरोबर आहे का?

प्रत्येक संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' हा आदेश द्या आणि आयपीव्ही४ पत्ता कागदावर उतरवा. समजा पहिल्याचा १९२.१६८.१.५ आला आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.७. पहिले तीन आकडे जुळले, म्हणजे बहुतेक छोट्या जाळ्यांत दोघे एकाच वस्तीतले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फक्त खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून ते जगभर लाखो घरांत पुन्हा पुन्हा वापरता येतात.

जाळ्यातला संगणक दुसऱ्याला कसा शोधतो, हे समजलं की पुढचं सोपं होतं. १.५ ला १.७ कडे फाइल पाठवायची असते, तेव्हा तो आधी दवंडी पिटतो: "१९२.१६८.१.७ कोण? तुझा यंत्रक्रमांक सांग." दवंडी सगळ्यांच्या कानी पडते, उत्तर मात्र एकटा १.७ देतो. १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी मांडलेल्या या पद्धतीला एआरपी म्हणतात. ही दवंडी वेशीबाहेर जात नाही, म्हणजे राऊटर ती पलीकडे पोचू देत नाही. एकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.७ असेल, तर ते दोघे शेजारच्या टेबलांवर असले तरी वेगवेगळ्या वेशींच्या आत आहेत.

असं होतं कसं? आधी एक राऊटर होता, तो फायबरच्या डब्याबरोबर आलेला. आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून दुसरा आणला आणि त्याच्या 'वॅन' खाचेत तार लावली. दुसरा राऊटर आपलं वेगळं जाळं मांडून बसला. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. उपाय असा: दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट' असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर त्याला पहिल्याच्या वस्तीतला एक मोकळा पत्ता द्या, त्याचं पत्ते वाटण्याचं काम म्हणजे डीएचसीपी बंद करा आणि तार 'वॅन'ऐवजी 'लॅन' खाचेत लावा.

दुसरी खूण १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. संगणकाने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, मग त्याने स्वतःच एक घेतला, असा त्याचा अर्थ. वीज जाऊन आली की हे हमखास घडतं. संगणक आणि राऊटर एकाच वेळी सुरू होतात, पण राऊटरला जागं व्हायला वेळ लागतो आणि तोवर संगणक मागून मोकळा झालेला असतो. तो काही मिनिटांनी पुन्हा मागतो, पण थांबायचं नसेल तर तार काढून परत लावा. वीज आल्यावर राऊटर आधी आणि संगणक नंतर सुरू करायचा, ही सवय लावली तर हा त्रास संपतो. राऊटरला छोटा यूपीएस जोडला तर आणखी बरं.

वीज गेल्यावर पत्ते बदलूही शकतात. काल प्रिंटरवाल्या संगणकाचा पत्ता १.५ होता, आज १.९ झाला आणि १.५ शोधणारे शॉर्टकट निकामी झाले. म्हणून ज्या संगणकाकडे सगळे जातात, त्याचा पत्ता राऊटरमध्ये कायमचा राखून ठेवावा. मनाने एखादा पत्ता टाकू नका. तोच पत्ता राऊटरने दुसऱ्याला दिला तर दोघांची टक्कर होते.

तिसरा प्रश्न: पोचता येतं का?

आता 'पिंग'ची पाळी. पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून ओ येते का ते पाहणं. आधी राऊटरला पिंग करा. ते जमलं की शेजारच्या संगणकाचा पत्ता देऊन करा. उत्तर आलं तर तार आणि पत्ता दोन्ही ठीक.

उत्तर नाही आलं तर नकाराचे शब्द नीट वाचा, कारण दोन नकारांचे अर्थ वेगळे आहेत. विंडोजने आपल्याच पत्त्यावरून 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं सांगितलं, तर दवंडीलाच उत्तर मिळालं नाही. तो संगणक बंद आहे, त्याची तार सुटली आहे किंवा तो त्या पत्त्यावर नाही. 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट' आलं तर लगेच 'एआरपी -ए' हा आदेश द्या. त्या यादीत समोरच्या पत्त्यापुढे बारा अक्षर-अंकांचा यंत्रक्रमांक दिसला, तर तो संगणक जागेवर आहे आणि दवंडीला त्याने उत्तरही दिलं आहे. हाकेला मात्र त्याचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, ओ देऊ देत नाही. इतकं कळलं की तारा उपसत बसायचं कारण उरत नाही.

चौथा प्रश्न: परवानगी आहे का?

बहुतेक तक्रारी इथे येऊन सुटतात. अशा छोट्या जाळ्यांचे विंडोज दोन प्रकार मानतं: सार्वजनिक आणि खासगी. एसटी स्टँडवरचं वायफाय सार्वजनिक, आपल्या केंद्रातलं खासगी. जाळं सार्वजनिक धरलं असेल तर संगणक स्वतःला जाहीर करत नाही आणि दुसऱ्यांनाही शोधत नाही. जाळं ओळखण्यासाठी विंडोज राऊटरचा यंत्रक्रमांक पाहतं. म्हणून राऊटर बदलला की जुन्या जागेतलं जाळंही त्याला परकं वाटतं आणि ते सार्वजनिक ठरतं. "नवीन राऊटर आणला त्या दिवसापासून प्रिंटर दिसंना" या तक्रारीचं उगमस्थान बहुधा हेच असतं.

सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' मध्ये जाऊन त्या जोडणीचे गुणधर्म उघडा आणि 'प्रायव्हेट' निवडा. मग शेअरिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू करा. दोन्ही संगणकांवर हे करायचं.

तरीही यादी रिकामी असेल तर तो संगणक स्वतःला जाहीर करतो का ते पाहा. पूर्वी जाळ्यातला एक संगणक सगळ्यांच्या नावांची यादी सांभाळायचा आणि ती ताजी व्हायला बराच वेळ लागायचा. आता प्रत्येक विंडोज संगणक आपली दवंडी आपणच पिटतो आणि हे काम 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा करते. 'सर्व्हिसेस' मध्ये ती शोधून आपोआप सुरू होईल अशी ठेवा.

यादीवर अवलंबून न राहण्याचाही मार्ग आहे. फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे पहिल्या संगणकाचा आयपी पत्ता टाइप करून एंटर दाबा. शेअर केलेले फोल्डर उघडले, तर बिघाड फक्त दिसण्यापुरता आहे. शॉर्टकट करून घ्या, काम पुढे चालू द्या आणि यादीचं निवांत बघा. पत्त्याने उघडलं पण नावाने नाही, तर अडचण नावात आहे. दोन संगणकांची नावं एकच नकोत आणि नाव १५ अक्षरांच्या आत असावं. ही मर्यादा १९८३ च्या नेटबायोस या जुन्या पद्धतीतून आली आणि अजून टिकून आहे.

दार सापडलं आणि ते पासवर्ड मागू लागलं, तर हवा असतो तो समोरच्या संगणकावरच्या खात्याचा पासवर्ड. आपल्या संगणकाचा चार आकडी पिन इथे चालत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यातून जाळ्यावरून आत यायला विंडोज मूळ सेटिंगमध्ये मनाई करतं. "माझ्या पीसीला पासवर्डच नाही, मग मागतंय काय?" या प्रश्नाचं उत्तर हेच. पहिल्या संगणकावर शेअरिंगसाठी वेगळं साधं खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि दुसऱ्या संगणकावर तो एकदा जतन करा.

इतका पहारा कशासाठी?

चिडून फायरवॉल कायमचा बंद करावा, असं या टप्प्यावर अनेकांना वाटतं. जुना विंडोज एक्सपी संगणक किंवा जुनी फाइल पेटी, म्हणजे जाळ्यावर फायली साठवणारं उपकरण, जोडता यावं म्हणून एसएमबी१ ही जुनी देवाणघेवाणीची भाषा पुन्हा सुरू करण्याचा सल्लाही मिळतो. हे दोन्ही करू नका. विंडोज इतकं गप्प का झालं, याचं उत्तर २०१७ मध्ये आहे.

एसएमबी१ मधल्या एका छिद्राचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला होता. अनेकांनी तो लावला नाही. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच छिद्रातून संगणकामागून संगणक घेत पसरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचंही काम त्याने अडवलं. २७ जूनला तेच छिद्र वापरणारा नॉटपेट्या आला. युक्रेनमध्ये सुरू झालेल्या त्या हल्ल्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि आपल्या न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. एक संगणक बाधित झाला की स्थानिक जाळं त्याला सगळ्या शेजाऱ्यांपर्यंत नेऊन सोडतं. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबी१ मूळ सेटिंगमध्ये येणं बंद झालं. २०२४ च्या विंडोज ११ मध्ये नियम आणखी कडक झाले, म्हणून पासवर्डविना चालणाऱ्या जुन्या फाइल पेट्या नव्या संगणकांना उघडेनाशा झाल्या.

सेवा केंद्रातल्या संगणकांवर गावाचे आधार, बँकेचे तपशील आणि जमिनीचे कागद असतात. तिथे दार उघडायचं ते मोजक्यांसाठी. पूर्ण सी ड्राइव्ह शेअर न करता कामापुरतं एक फोल्डर आणि प्रिंटर शेअर करा. फायरवॉल चालू ठेवून त्यात फक्त खासगी जाळ्यासाठी फाइल आणि प्रिंटर शेअरिंगला मुभा द्या. तपासणीपुरता तो दोन मिनिटं बंद केलात तर लगेच चालू करा. ग्राहकांना वायफाय द्यायचं असेल तर पाहुण्यांचं वेगळं वायफाय द्या.

भिंतीवर लावायचा कागद

जाळं नीट चालत असलेल्या दिवशी एक कागद तयार करा. त्यावर प्रत्येक संगणकाचं नाव आणि पत्ता, राऊटरचा पत्ता, कोणती तार कोणत्या खाचेत जाते आणि प्रिंटर कोणत्या संगणकावर आहे, हे लिहा. राऊटरचा पासवर्ड वेगळ्या वहीत लिहून कुलुपात ठेवा. तारांच्या दोन्ही टोकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवा. बिघाड होईल तेव्हा या कागदाशी जुळवून पाहिलं की काय बदललं ते लगेच दिसतं. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती कागदावर नोंदवा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि जाळं सुरू झालं, तर कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

बाहेरून येणाऱ्या फायबरवर गावाचं नियंत्रण नाही, विजेवरही नाही. केंद्राच्या चार भिंतींतलं हे जाळं मात्र पूर्णपणे आपलं आहे. ते सांभाळायला इंजिनिअरची पदवी लागत नाही, दिवे पाहणं, पत्ते वाचणं आणि क्रम न सोडणं एवढं पुरतं. केंद्रातल्या एकाने हे शिकून घ्यावं आणि दुसऱ्याला शिकवावं, म्हणजे मुदतीच्या दिवशी बाकावर बसलेल्या शेतकऱ्याचं काम दुरुस्तीवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून अडून राहणार नाही.